पत्रकारितेच्या अभ्यास मंडळांना खुलं पत्र: थेअरीचा पेपर काढण्याआधी जरा आपल्याच गावांकडे बघा

मा. अध्यक्ष आणि सर्व सदस्य,
पत्रकारिता व जनसंज्ञापन अभ्यास मंडळ,
महाराष्ट्रातली सगळी विद्यापीठं

सप्रेम नमस्कार.

सर, मॅडम, कुठल्या विद्यापीठाबद्दल बोलतेय ते मुद्दाम लिहीत नाहीये. एक तर मला पुढच्या वर्षीही तासिका मिळवायच्यात, आणि दुसरं म्हणजे बाकीच्या विद्यापीठांतल्या ओळखीच्या लोकांशी बोलले तर सूर सगळीकडे साधारण तोच ऐकू आला. तेव्हा ज्यांना लागू आहे त्यांनी आपलं समजून वाचावं.

झालंय असं की नव्या सिलॅबसचा ड्राफ्ट आमच्याकडे आला, पीडीएफ, तीसुद्धा स्टाफच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, आणि त्यात माध्यमं आणि सामाजिक बदल हा पेपर सक्तीच्या यादीतून उचलून ऐच्छिकमध्ये टाकलाय. चार क्रेडिटचे दोन केलेत. फील्डवर्क होतं ते गेलं. त्या जागी कंटेंट क्रिएशन आणि सोशल मीडिया मॅनेजमेंट, पूर्ण चार क्रेडिट, प्रॅक्टिकलसकट. कारण म्हणून एकच ओळ आहे, विद्यार्थ्यांना रोजगाराभिमुख शिक्षण मिळावं म्हणून. हरकती कळवायला जेमतेम आठवडा दिला, त्यातही सुट्ट्या. मी मेल केला, उत्तर नाही. म्हणून हे सगळ्यांसमोर.

ऐच्छिक म्हणजे काय होतं हे तुम्हाला माहीत नसेल असं मला वाटत नाही, तरी सांगते. शहरातल्या मोठ्या डिपार्टमेंटला ऐच्छिक म्हणजे निवड असते. आमच्यासारख्या तालुक्याच्या कॉलेजला, जिथे वर्गात मोजकी पोरं आणि शिकवायला एक पूर्णवेळ सर आणि बाकी आम्ही सीएचबीवाले (तासिका तत्त्वावरचे), तिथे ऐच्छिक म्हणजे तो पेपर बंद. प्राचार्य म्हणणार तेवढ्या पोरांसाठी तासिका मंजूर होत नाही, संपला विषय.

माझं यात काय जातं, हेही सांगून टाकते म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको. हो, तासिका जातात. तासाच्या हिशोबाने पैसे मिळतात, तेही वर्षाच्या शेवटी, आणि हा पेपर गेला तर माझे अर्धे तास जातात. पण त्याआधी मी जिल्हा आवृत्तीला काम केलंय, उत्तर महाराष्ट्रातच, आधी स्ट्रिंजर मग डेस्कला, आणि बातमी कशी पानावर चढते आणि कशी रात्री साडेदहाला जाहिरातीसाठी उतरते हे हातानं केलंय. तेव्हा हा पेपर शिकवताना मी पुस्तकातलं पुस्तकातच ठेवत नाही. माझ्यासमोर बसतात ती पोरं शेतमजुरांची आहेत, पाड्यावरची आहेत, काही ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतली. त्यातल्या दोघातिघांची आत्ताच स्वतःची यूट्यूब न्यूज चॅनलं आहेत, माइकच्या बूमवर लोगो लावून तहसीलच्या बाहेर उभी असतात. म्हणजे मीडिया समाजावर काय परिणाम करतो हा प्रश्न त्यांच्यासाठी परीक्षेचा नाहीये. ते स्वतःच तो मीडिया आहेत.

आता तक्रारी. नंबर घालून लिहायला गेले पण एकातून दुसरी निघते, तेव्हा जशा येतील तशा.

पहिली तक्रार या ड्राफ्टच्याही आधीची आहे. हा पेपर कंटाळवाणा झालाय, पोरं घोकंपट्टी करतात, म्हणून तो काढावा असं मीटिंगमध्ये बोललं गेल्याचं कळलं. कंटाळवाणा झालाय, मान्य. पण तो केला कुणी? सिलॅबसच्या पाच युनिटपैकी साडेचार अमेरिकेत राहतात. बुलेट थेअरी (मेसेज गोळीसारखा थेट डोक्यात घुसतो), टू-स्टेप फ्लो (मीडियाचं म्हणणं आधी काही पुढच्या माणसांकडे, मग त्यांच्यामार्फत बाकीच्यांकडे जातं), अजेंडा सेटिंग, कल्टिव्हेशन (सतत टीव्ही बघणाऱ्याला जग टीव्हीसारखंच वाटू लागतं), स्पायरल ऑफ सायलेन्स (आपलं मत एकट्याचंच वाटून माणूस गप्प बसतो, ही एक जर्मन), आणि शेवटी विकास संज्ञापन, म्हणजे माध्यमांतून विकास, म्हणून लर्नर, श्रॅम, रॉजर्स हे अभ्यासक. प्रत्येकाचं नाव, साल, चार मुद्दे आणि गुण-दोष. पेपरात येतं टिपा लिहा कोणत्याही दोन. आणि बाजारातलं गाईड तर असं आहे की बुलेट थेअरीच्या खाली १९३८ च्या अमेरिकेतल्या त्या रेडिओ नाटकाची गोष्ट आजही छापतात, मंगळावरून हल्ला झाला समजून लाखो लोक रस्त्यावर धावले म्हणून. नंतरच्या अभ्यासकांनी दाखवून दिलंय की घबराट झाली ती थोडीथोडकी होती, ती फुगवली दुसऱ्या दिवशीच्या पेपरांनी, आणि पेपरांचा रेडिओवर राग होता कारण रेडिओ त्यांच्या जाहिराती खात होता. बघा म्हणजे, मीडियाच्या ताकदीचा पुरावा म्हणून जी गोष्ट आपण शिकवतो तीच मुळात एका मीडियाने दुसऱ्याबद्दल पिकवलेली! हे पोरांना सांगितलं तेव्हा वर्गात पहिल्यांदा कुणीतरी मोबाईल खाली ठेवला. पण हे गाईडात नाही, प्रश्नपत्रिकेत नाही, आणि असं लिहिणाऱ्याला मार्क मिळतील याची खात्री मी देऊ शकत नाही.

लर्नरचंही तसंच. १९५८ चं पुस्तक, तुर्कस्तानातलं अंकाराजवळचं बालगाट नावाचं खेडं, तिथला एक किराणा दुकानदार ज्याला विचारलं की देश सोडून कुठे राहायला आवडेल तर तो अमेरिका म्हणाला, आणि त्याच्यावरून आधुनिक माणूस कसा घडतो याची अख्खी थेअरी. शहरं वाढतात, साक्षरता वाढते, रेडिओ-पेपर वाढतात, माणूस दुसऱ्याच्या जागी स्वतःला कल्पू लागतो, मग तो मतदान करतो, समाज बदलतो. शिकवावं, जरूर शिकवावं. पण त्या पाहणीच्या मागे अमेरिकेचा सरकारी रेडिओ होता ज्याला मध्यपूर्वेतले आपले श्रोते कोण हे जाणून घ्यायचं होतं, हे कुणी सांगायचं? आणि रॉजर्स, ज्याची १९६२ ची नवकल्पनांच्या प्रसाराची आकृती पोरं स्केलपट्टीने काढतात, त्यानेच १९७६ साली लिहिलं की विकासाची ही वरून खाली येणारी जुनी चौकट आता मागे पडली. त्याने स्वतः मागे टाकलेलं आपण अजून पंधरा मार्काला विचारतोय.

आता मला जे सगळ्यात जास्त खुपतं ते. या सगळ्या थेअऱ्यांमधली एक मोठी परीक्षा आपल्याकडे झाली होती, मराठीत झाली होती, आणि आपल्याच सिलॅबसमध्ये तिचं नाव नाही.

१९५६ साल. आकाशवाणीचं पुणे केंद्र, युनेस्कोची मदत, आणि मूल्यमापनाला मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था. तेव्हाच्या मुंबई राज्यातल्या पाच मराठी जिल्ह्यांत सुमारे दीडशे गावं निवडली. प्रत्येक गावात वीसेक जणांचं श्रोता मंडळ, रेडिओ संच, आणि आठवड्यातून दोनदा संध्याकाळी अर्ध्या तासाचा कार्यक्रम, दहा आठवडे, म्हणजे वीस कार्यक्रम. नुसतं ऐकायचं नाही. ऐकायचं, तिथेच बसून त्यावर बोलायचं, काय करायचं ते ठरवायचं, आणि आपले प्रश्न केंद्राला लिहून पाठवायचे, ज्यांची उत्तरं पुढे रेडिओवर यायची. व्यंकटेश माडगूळकरांसारखा लेखक पुणे केंद्रावर ग्रामीण कार्यक्रम करायचा, त्या काळातली ही गोष्ट. अभ्यासाचं काम पाहिलं पॉल नॉइराथ यांनी. व्हिएन्नाचा माणूस, हिटलरच्या डाखाऊ आणि बुखेनवाल्डच्या छळछावण्यांतून सुटून अमेरिकेला गेलेला, तिथल्या कोलंबिया विद्यापीठात लाझर्सफेल्डच्या हाताखाली तयार झालेला. तोच लाझर्सफेल्ड, टू-स्टेप फ्लोवाला, ज्याच्यावर दरवर्षी हमखास प्रश्न येतो. म्हणजे गुरूचा ओहायोतला १९४० चा निवडणुकीचा अभ्यास आमच्या पोरांना पाठ, आणि शिष्य त्यांच्या आजोबांच्या शेजारच्या गावात येऊन काय करून गेला ते माहीत नाही.

आणि नुसता प्रयोग नव्हता, त्यात तुलना होती. काही गावांत रेडिओ आणि मंडळ दोन्ही, काही गावांत रेडिओ पण मंडळ नाही, काही गावांत रेडिओच नाही. कार्यक्रमांच्या आधी आणि नंतर लोकांना काय माहीत आहे ते तपासलं. मंडळाच्या गावांत माहिती भरपूर वाढली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत थोडीच. पुन्हा वाचा सर, कारण माझ्या मते सगळा पेपर या एका निष्कर्षावर उभा राहू शकतो. यंत्र तेच, आवाज तोच, कार्यक्रम तोच, फरक कशाने पडला तर लोक एकत्र बसून बोलले याने. लर्नर आपलं पुस्तक बाहेर काढायच्या दोन वर्षं आधी आपल्या गावांनी हे दाखवून दिलं होतं की मीडिया एकटा समाज बदलत नाही, पण लोकांच्या बोलण्याला तो जोडला गेला तर बदलतो. पुढे १९५९ पासून ही श्रोता मंडळं देशभर नेली आणि मग ती हळूहळू विझली. का विझली, हा आमच्या पोरांच्या प्रोजेक्टचा विषय आहे. त्या वीस जणांत बाया किती होत्या, गावकुसाबाहेरचे किती होते, हा तर आमच्या पोरी पहिल्याच तासाला विचारतात. तेव्हाच्या मंडळातला एखादा म्हातारा कुठे भेटतोय का बघायला अजून थोडा वेळ आहे, फार नाही. आणि तुम्ही फील्डवर्क काढताय.

दुसरी तक्रार बाबासाहेबांबद्दल आहे. मूकनायक आपल्याकडे मराठी पत्रकारितेचा इतिहास या पेपरात येतो, एका परिच्छेदात. ३१ जानेवारी १९२०, पाक्षिक, शाहू महाराजांची अडीच हजारांची मदत, संपादक म्हणून नाव पांडुरंग भटकरांचं कारण बाबासाहेब तेव्हा सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक, वर तुकोबांचा अभंग, झालं. पण पहिल्या अंकाचा अग्रलेख हा इतिहासाचा नाही हो, थेअरीचा मजकूर आहे! अन्यायावर उपाय सुचवायला वर्तमानपत्रासारखी भूमी नाही हे तो सांगतो, आणि लगेच सांगतो की मुंबई इलाख्यातली बरीचशी पत्रं एकेका जातीचं हित बघणारी आहेत, बाकीच्यांची त्यांना पर्वा नाही. समाज म्हणजे जिना नसलेला मनोरा, ही प्रतिमा त्यातलीच. दुसऱ्या जातीचं नुकसान करणारं पत्र म्हणजे बोटीला भोक पाडणारा उतारू, तोही बुडणार, हेही त्यातच. पत्राची मालकी कुणाची, ते कुणासाठी बोलतं, ज्यांना जागा नाही त्यांनी काय करायचं, हे तीन प्रश्न त्यात आहेत. जर्मन विचारवंत हाबरमासने १९६२ मध्ये कॉफीहाऊस आणि वर्तमानपत्रांतून सार्वजनिक चर्चेचं मैदान कसं तयार झालं ते मांडलं, मग १९९० मध्ये अमेरिकन अभ्यासक नॅन्सी फ्रेझर यांनी त्याला उत्तर दिलं की बाबा रे, त्या मैदानात सगळ्यांना प्रवेश कुठे होता, ज्यांना नव्हता ते आपलं वेगळं मैदान उभारतात. हे आम्ही एम.ए.ला कौतुकाने शिकवतो. सत्तर वर्षं आधीचा मूकनायक मात्र इतिहासात, पाच मार्क. गंमत म्हणजे कोलंबियाच्या नावाने आपल्याकडे मीडिया संशोधनाची परंपरा सांगतात, आणि कोलंबियातच शिकून आलेल्या माणसाला आपण त्या रांगेत बसवत नाही.

त्याच्याही मागे जा. दीनबंधू, १८७७, कृष्णराव भालेकर. नंतर ते पत्र नारायण मेघाजी लोखंड्यांकडे आलं, लोखंड्यांनी १८८४ ला गिरणी कामगारांची संघटना बांधली, पत्रातून आणि सभांतून मागणी लावून धरली आणि १८९० मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. पेपर, संघटना, सभा, अर्ज, मग बदल. माध्यमाने समाज कसा बदलतो याचं याहून सोपं उदाहरण मला द्या. पोरं रविवारी सुट्टी घेतात आणि परीक्षेत उदाहरण म्हणून अमेरिकेतल्या मिनेसोटाचं लिहितात.

तिसरी. अजेंडा सेटिंग. मॅककोम्ब्स आणि शॉ, १९७२, अमेरिकेतलं चॅपल हिल, शंभर मतदार, सगळं पाठ. लोकांनी काय विचार करावा हे नाही तर कशाबद्दल विचार करावा हे मीडिया ठरवतो. पण विदर्भाशिवाय हे महाराष्ट्रात शिकवता येतं का? २००६ साल घ्या. मुंबईत फॅशन वीक, आणि पत्रकार पी. साईनाथांनी तेव्हा लिहिलं की तिथे ५१२ पत्रकारांना पास होते, मॉडेलांच्या अंगावर सुती कपडे, आणि तो कापूस पिकवणारे विमानाने तासाभराच्या अंतरावर आत्महत्या करत होते, तिथे बाहेरून आलेले पत्रकार जेमतेम अर्धा डझन. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला भंडारा जिल्ह्यात खैरलांजी झालं. एका दलित कुटुंबातली चार माणसं मारली आणि मोठ्या पेपरांना, चॅनलांना त्याचं गांभीर्य कळायला आठवडे लागले. मोर्चे निघाले तेव्हा बातमी मोठी झाली. म्हणजे इथे अजेंडा मीडियाने लोकांना दिला नाही, लोकांनी मीडियाला द्यायला लावला, आणि नेमकं हेच चॅपल हिलच्या आकृतीत बसत नाही, म्हणून शिकवायला हवं. आणि २००९ च्या विधानसभेचं पेड न्यूजचं प्रकरण? पॅकेज, म्हणजे पैसे घेऊन बातम्या लावणं, हा शब्द आमच्या पोरांना माझ्याआधी माहीत असतो, कारण त्यांचं चॅनल चालतंच पॅकेजवर. प्रेस कौन्सिलने त्यावर समिती नेमली होती हे मात्र माहीत नसतं.

चौथी तक्रार लिहिताना हात जरा जड होतो. १ जुलै २०१८, राईनपाडा, तालुका साक्री, जिल्हा धुळे. आठवडे बाजारचा दिवस. भिक्षा मागायला आलेली नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं, मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने ठेचून मारली. मोबाईलवर मुलं पळवणाऱ्यांचे मेसेज फिरत होते. आमच्याकडची काही पोरं त्या भागातली आहेत. बुलेट थेअरी शिकलेला पोरगा म्हणणार मेसेज आला, डोक्यात घुसला, माणसं मेली. मग मी विचारते, मेसेज तर शेकडो गावांत गेला होता, मग सगळीकडे हात का नाही उठले? कुठे कुणी थांबवलं असेल? थांबवणारा कोण असतो, सरपंच, मास्तर, दुकानदार, पोलीस पाटील? बाहेरून आलेल्या भटक्या माणसाबद्दल आधीपासून मनात काय होतं? त्या वर्गात पोरं जे बोलली ते मी इथे लिहिणार नाही, पण घंटा झाल्यावर कुणी उठलं नाही. याच घटनेनंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच चॅटला फॉरवर्ड करता येईल असं जाहीर केलं. आता हा निर्णय कुठल्या समजुतीवर उभा आहे? अफवा वेगाने पसरते म्हणून धोका आहे, वेग कमी करा, ही एक थेअरीच आहे की. बरोबर आहे का पुरेशी आहे हे कोण तपासणार, कंपनी? की साक्रीच्या आसपासच्या कॉलेजात शिकणारी पोरं?

तुम्ही म्हणाल मॅडम भावनिक होताय, नोकरीचं बोला. बोलते. कंटेंट क्रिएशन शिकवूच नका असं मी कुठेही म्हटलं नाहीये, शिकवा, पोरांना हवंय, मलाही जमतं. पण रील कापायला पोरं मोबाईलवर आमच्या आधी शिकून येतात, आणि जे ॲप आज शिकवाल ते पोरगा डिग्री घेईपर्यंत बदललेलं असेल. न्यूजरूममध्ये, पोर्टलवर, एनजीओत, सरकारी प्रसिद्धी खात्यात किंवा एखाद्या आमदाराच्या सोशल मीडिया टीममध्ये (जातात, खूप जातात) ज्याला कळतं की ही बातमी अशी लावली तर कोण गप्प बसेल आणि कोण पेटेल, तोच टिकतो. आणि ज्याला कळत नाही तो पाच माणसं मारणारा मेसेज व्ह्यूज मिळतात म्हणून ब्रेकिंग करून लावतो. मागे एका पोरीने स्पायरल ऑफ सायलेन्सवर प्रोजेक्ट केला, गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. ॲडमिन सरपंचाचा पुतण्या. पाणीपुरवठ्यावर कुणी काही लिहिलं की पहिली दोन उत्तरं पुतण्याच्या मित्रांची, आणि मग शांतता. ती घरोघरी जाऊन बायांशी बोलली तर जवळजवळ प्रत्येकीला पाण्याची तक्रार होती, आणि प्रत्येकीला वाटत होतं आपण एकट्याच. नोएल-नॉयमान बाईंनी १९७४ ला लिहिलं ते आमच्या पोरीने अहिराणीत गोळा करून आणलं. पुढे त्या बायांनी आपला वेगळा ग्रुप काढला असं तिने सांगितलं, पाणी आलं का ते मला माहीत नाही, बहुतेक नसेलच आलं, पण हा पेपर असाही असतो.

आणि मीडियाने चांगलं होतं का, याचाही अभ्यास आपल्याच आसपास झालाय. रॉबर्ट जेन्सन आणि एमिली ऑस्टर यांनी केबल टीव्ही गावात आला की काय होतं ते पाच ठिकाणी पाहिलं, त्यात आपला गोवा होता. २००९ ला छापून आलं. केबल आल्यावर नवऱ्याने बायकोला मारणं चालतं असं म्हणणाऱ्या बायांचं प्रमाण घटलं, मुलगाच हवा हा हट्टही कमी झाला. सासू-सुनांच्या मालिकांना आपण सगळे नावं ठेवतो, मीही ठेवते, आणि तरी असं. का झालं असेल? मालिकेतली बाई नोकरी करते, एकटी बाहेर पडते, हे दिसत राहिलं म्हणून? आता केबलच्या जागी मोबाईल आलाय, तेव्हा आज तोच अभ्यास केला तर काय निघेल? किर्क जॉन्सन नावाचा अभ्यासक टीव्हीने खेड्यात काय बदललं हे बघायला सातारा जिल्ह्यातल्या पाचगणीकडच्या दोन गावांत राहिला होता, त्यावर २००० साली त्याचं पुस्तक आलं. बाहेरच्या लोकांना आमची गावं थेअरी तपासायला योग्य वाटतात, आमच्याच अभ्यास मंडळांना वाटत नाहीत.

तेव्हा मागण्या. सरळ लिहिते.

हा पेपर सक्तीचा राहू द्या, चार क्रेडिटचा. कंटेंट क्रिएशन दुसऱ्या कशाच्या जागी बसवा, स्किल कोर्सची जागा आहेच की, ती कशाला ठेवलीय?

चारातले दोन क्रेडिट फील्डवर्कला द्या. आपलं गाव, वस्ती, चाळ, बाजार, बचत गट, ग्रुप, काहीही. पोरांनी माणसांशी बोलून दहा पानं लिहावीत, मराठीत किंवा अहिराणी, मालवणी, वऱ्हाडी, जी बोली येईल तिच्यात गोळा करून.

पुण्याचा १९५६ चा प्रयोग, दीनबंधू, मूकनायक, विदर्भातलं वार्तांकन, राईनपाडा, गोव्याचा केबलचा अभ्यास, हे उदाहरण म्हणून कंसात नको, स्वतंत्र युनिट म्हणून घ्या. लर्नर-रॉजर्स काढू नका, पण त्यांच्यावरची टीकाही त्याच युनिटमध्ये ठेवा.

टिपा लिहा बंद करा. एक खरी बातमी किंवा एक खरा फॉरवर्ड द्या आणि विचारा, याने काय होईल, कशावरून म्हणता. पुस्तक उघडं ठेवून लिहू द्या हवं तर.

मराठीतून एक बरं पाठ्यपुस्तक करा. विद्यापीठं एकत्र आली तर वर्षभरात होईल. तोपर्यंत गाईडवाल्यांना दोष देण्यात अर्थ नाही, गाईड निदान दरवर्षी वेळेवर येतं.

अभ्यास मंडळावर तासिका तत्त्वावर शिकवणारा एक तरी माणूस घ्या. हा पेपर आमच्यासारख्या किती कॉलेजात कोण शिकवतंय याची यादी काढून बघा, मग कळेल का म्हणतेय. ज्या मीटिंगमध्ये हे ठरलं तिचं इतिवृत्त वेबसाइटवर टाका, आणि हरकतींसाठी निदान एक महिना द्या, परीक्षेचा आणि सुट्ट्यांचा काळ सोडून.

जूनमध्ये नवीन वर्ग सुरू होतो, त्याआधी सुधारित ड्राफ्ट यावा. पुण्याच्या प्रयोगावर मी आणि आणखी काही शिक्षकांनी मिळून युनिटचा कच्चा आराखडा केलाय, तासांच्या वाटपासकट, तो मेलने परत पाठवतेय. त्यात चुका काढा, दुरुस्त करा, पण या वेळी मेलला उत्तर द्या. आणि हे वाचणाऱ्या बाकीच्या शिक्षकांनो, माजी विद्यार्थ्यांनो, तुमच्या विद्यापीठाचा ड्राफ्ट शोधून काढा आणि मुदत संपायच्या आत हरकत लिहून पाठवा, मराठीत पाठवली तरी चालते.

आपली,
तासिका तत्त्वावरची एक शिक्षिका
उत्तर महाराष्ट्र